मोजणीदार

३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन जमिनीवर आखला की झाला एक गुंठा. १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एकर. प्लॉटच्या व्यवहारात हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण १,०८९ असा आडनिडा आकडा आला कुठून हे सहसा कुणी विचारत नाही. तो आला मोजणीच्या साखळीतून. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली शेतं ज्या लोखंडी साखळीने मोजली गेली ती ३३ फुटांची होती, आणि रुपयाचे करावेत तसे तिचे १६ आणे केलेले होते. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. आजच्या मापात जवळपास ६३ सेंटीमीटर. हा आणा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आज मोजणीला येणाऱ्या माणसाजवळ साखळी नसते. त्याच्या हातात रोव्हर असतो: काठीच्या टोकाला बसवलेलं, उपग्रहांचे संकेत पकडणारं यंत्र. उभ्या जागेचा ठावठिकाणा ते दोन-तीन सेंटीमीटरच्या आत सांगतं. कागदावरचं माप आण्यांत, यंत्राचं माप सेंटीमीटरमध्ये. या दोन मापांच्या मधल्या फटीत या माणसाची नोकरी चालते. सरकारदरबारी तो भूकरमापक, शहरात नगर भूमापनाचं काम पाहणारा परिरक्षण भूमापक, खासगी कंपनीत सर्व्हेअर, आणि शेतकऱ्याच्या तोंडी सरसकट मोजणीदार.

मोजणी ही काही इंग्रजांनी आणलेली नवलाई नव्हे. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी वापरत आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद एवढ्या क्षेत्राचा बिघा धरत. पण आज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जी जुनी दप्तरं बांधून ठेवलेली असतात, त्यांचं मूळ इंदापुरात आहे. पेशवाई गेल्यावर पुणे भागात प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पहिली मोठी मोजणी आणि आकारणी करून पाहिली. पिकाच्या किमतीतून खर्च वजा जाता जे उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर देखणा, शिवारात कुचकामी. मोजणीत गफलती, हाताखालच्या लोकांची चिरीमिरी आणि न झेपणारा सारा यामुळे कुणबी जमिनी टाकून जाऊ लागले आणि व्यवस्था मोडीत निघाली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. एका बैलजोडीने कसता येईल एवढी जमीन म्हणजे साधारण एक सर्व्हे नंबर, आकार ३० वर्षांसाठी कायम, आणि प्रत्येक नंबराच्या हद्दीवर खुणा. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि तीच पद्धत इलाखाभर पसरली.

यातली एक गोष्ट आजच्या प्रत्येक बांधाच्या भांडणामागे उभी आहे. ही मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी होती. अमुक शेत अकरा एकर की अकरा एकर दोन गुंठे, याने साऱ्यात फार तर काही पैशांचा फरक पडणार. त्या कामाला आण्यापर्यंतचं माप पुरून उरत होतं, आणि त्या काळाच्या मानाने काम खरोखर नेटकं झालं आहे. पुढे त्याच कागदावर आपण मालकीचा, वाटणीचा, बिनशेती प्लॉटचा आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचा भार टाकला. दोनशे मीटर लांबीच्या बांधावर एका आण्याचा फरक म्हणजे १२६ चौरस मीटर, अर्थात सव्वा गुंठा. इंदापूरच्या त्या जुन्या मोजणीदाराला हा फरक दिसलाही नसता. आज महामार्गालगत सव्वा गुंठ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात.

त्या मोजणीदाराने नोंद कशी केली हे समजल्याशिवाय आजच्याचं काम कळत नाही. शेताच्या आरपार जाणारी एक लांब सरळ रेघ तो आधी धरायचा आणि तिच्यावर साखळी टाकत चालायचा. बांधाला जिथे जिथे मोड येतो, तिथून या रेघेवर काटकोनात किती अंतर आहे हे बघायचा. काटकोन साधायला शंकू: काठीवर बसवलेला, एकमेकींना काटकोनात फटी पाडलेला साधा ठोकळा. एका फटीतून मूळ रेघेवरचा झेंडा दिसला आणि दुसरीतून बांधाचा मोड दिसला, की आपण बरोबर जागी उभे आहोत. रेघेवर किती साखळ्या किती आणे आलो आणि काटकोनात किती गेलो, हे दोन आकडे टिपायचे. अशाने कसंही वेडंवाकडं शेत काटकोनी तुकड्यांमध्ये मोडतं. त्या तुकड्यांचे गुणाकार केले की क्षेत्र मिळतं. हे हिशेब ज्या पुस्तकात असत त्याचं नावच गुणाकार बुक. आणि आकड्यांसह काढलेल्या त्या कच्च्या आकृतीला म्हणतात टिपण.

टिपण प्रमाणात काढलेलं नसतं. त्यातली आखूड दिसणारी बाजू प्रत्यक्षात लांब असू शकते. पण त्यावरचे आकडे बोलतात, म्हणून मोजणीच्या कामात टिपणाला गाव नकाशापेक्षा जास्त मान. नकाशावरून पट्टीने अंतर काढून बांध ठरवू म्हणणाऱ्याने एक हिशेब करून पाहावा. नकाशा १:५००० प्रमाणाचा असेल तर पाव मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेघ जमिनीवर सव्वा मीटर रुंद होते. रेघेच्या या कडेला की त्या कडेला, यावर भांडायला दोन्ही शेजारी मोकळे! मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून त्यावर गटाच्या रेघा पाडून ‘शेजाऱ्याने चार फूट खाल्लं’ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

तर मोजणीची तारीख येते. अर्ज भरलेला असतो, फी भरलेली असते. पूर्वी साधी, तातडी, अति तातडी आणि अति-अति तातडी असे चार दर होते. सरकारी मराठीतला हा एक अजब दागिना अलीकडे गेला आणि नियमित व द्रुतगती असे दोनच दर राहिले. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या असतात. अर्जदाराने चुना, दगड, दोन गडी आणि चहाची सोय केलेली असते. मोजणीदार येतो, यंत्र काढतो आणि अर्जदाराच्या शेताकडे पाठ करून ओढ्याच्या दिशेने चालू लागतो.

“अहो भाऊसाहेब, शेत हिकडं हाय!”

भाऊसाहेबांना ते माहीत असतं. टिपणातली मूळ रेघ जमिनीवर कुठेही आखलेली नाही. ती ज्या दोन टोकांवर उभी होती ते दगड शंभर-सव्वाशे वर्षांत नांगराने, पुराने, जेसीबीने किंवा माणसाने हलवलेले असू शकतात. अर्जदाराचा स्वतःचा बांध तर वादातच आहे. त्यावरून मापं सुरू केली तर वादच मोजल्यासारखा होईल. म्हणून मोजणीदार आजूबाजूला हलल्याची शक्यता कमी असलेल्या जागा शोधतो. गावाची शीव, तीन शेतांच्या हद्दी मिळतात ते कोपरे, जुनी विहीर, नकाशात दाखवलेला ओढा, गाडीवाट, कुणाच्याही भांडणात न सापडलेला दूरचा बांध. अशा जागा मोजून तो त्यांच्यातली अंतरं जुन्या आकड्यांशी ताडून बघतो. चार जुळतात, दोन जुळत नाहीत. न जुळणाऱ्यांपैकी एक दगड सरकलेला असतो, एका ठिकाणी ओढ्याने पात्र बदललेलं असतं. जुळणाऱ्या खुणांच्या आधारावर तो शेजारपाजारच्या गटांचं अभिलेखातलं चित्र जमिनीवर बसवतो आणि मगच अर्जदाराच्या बांधाकडे वळतो. अर्ज एका गटाचा असला तरी मोजावे लागतात चार-पाच. लोकांना हा वेळकाढूपणा वाटतो. माझ्या मते मोजणीदाराची पारख करायची असेल तर तो पहिला तासभर कुठे फिरतो हे पाहावं. जो थेट वादाच्या बांधावर जाऊन यंत्र मांडतो, त्याच्या मोजणीवर मी भरवसा ठेवणार नाही.

या सगळ्या वेळात तो ऐकतही असतो. पंच आलेले असतात, शेजारी आलेले असतात, आणि बांधावर खुर्ची टाकून बसलेले एक म्हातारबाबा असतात ज्यांना या शिवारातला बांध न बांध पाठ आहे. त्यांचं सांगणं पुरावा म्हणून लिहून घेतलं तरी त्यावरून हद्द ठरत नाही, पण कुठे खणलं तर जुना दगड सापडेल हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं. उभा ऊस असेल तर एका टोकाचं माणूस दुसऱ्या टोकाला दिसत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुततो. म्हणून मोजणीची खरी धांदल सुगी झाल्यानंतर, रानं मोकळी झाल्यावर, म्हणजे नेमकी उन्हाच्या दिवसांत.

शेवटी खुणा ठरतात, चुन्याची रेघ पडते आणि गलका सुरू होतो. अभिलेखाप्रमाणे हद्द एकीकडे आणि वहिवाट दुसरीकडे असते. नकाशात मोजणीदार दोन्ही दाखवतो, मधल्या तुकड्याचं क्षेत्र लिहितो आणि तिथे थांबतो. त्याला तिथेच थांबावं लागतं. तो तुकडा कुणाचा, हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. मालकीचा निकाल दिवाणी न्यायालयाचा. मोजणी झाली म्हणजे ताबा मिळाला, अशी समजूत घट्ट रुजलेली आहे आणि ती साफ चुकीची आहे.

दुसरी तितकीच घट्ट समजूत सातबाऱ्याच्या आकड्याची. ‘सातबाऱ्याला ऐंशी आर आहे, मला ऐंशी आर भरून द्या.’ हद्द कायम करायची असते तेव्हा मोजणीदार हद्दीवरून क्षेत्र काढतो, क्षेत्र भरावं म्हणून हद्द सरकवत नाही. जुना क्षेत्राचा आकडा गुणाकार बुकातल्या हिशेबातून आलेला असतो, त्यात तोडजोड झालेली असते, पुढे एकर-गुंठ्याचं हेक्टर-आर करताना आणखी थोडी झालेली असते. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही एकच समजून चालणारे लोक दर गुंठ्याला सव्वा चौरस मीटरच्या आसपास चुकतात.

यापेक्षा खोल गाठ पोटहिश्श्यांची. चार भावांनी वाटणी केली, तलाठ्याकडे नोंद झाली, सातबारे चार झाले. नकाशा मात्र एकच राहिला. जमिनीवर भावांनी दोरी धरून, पावलं टाकून बांध घातले. पुढच्या पिढीत एका चुलत भावाने हिस्सा विकला, घेणाऱ्याने मोजणी मागितली, आणि मोजणीदारासमोर टिपणच नाही, कारण त्या हिश्श्याची मोजणी कधी झालीच नव्हती. अशा ठिकाणी यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्याला शोधायला काही नसतं. सगळ्या सहधारकांची संमती, नसेल तर प्रत्यक्ष वहिवाट, एवढ्यावर काम करावं लागतं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर तुकडे जोडून गट नंबर पाडले गेले, तेव्हा काही गावांत कागदावरचे गट एकीकडे आणि कसणारे दुसरीकडे असा नवा घोळ झाला. त्याची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

आता यंत्रांविषयी. साखळीनंतर फलक यंत्र आलं: तीन पायांवरच्या पाटावर कागद लावून शेतातच नकाशा उतरवायचा. जुन्या मोजणीदारांचं या पाटावर प्रेम होतं, कारण चूक झाली तर ती समोरच्या जमिनीशी ताडून लगेच दिसायची. मग टोटल स्टेशन आलं. हे यंत्र समोरच्या काचेच्या लोलकावर प्रकाश सोडून अंतर मोजतं आणि सोबत कोनही. कोनात पाच सेकंदांची चूक झाली तर ५०० मीटरवर ती १२ मिलिमीटर होते. शेतीच्या कामाला ही चूक नगण्य. खऱ्या चुका यंत्र खुंटीच्या बरोबर डोक्यावर न मांडल्याने, त्याची उंची चुकीची टाकल्याने, लोलकाची काठी तिरकी धरल्याने होतात. म्हणून शिकाऊ माणसाला पहिल्या दिवसापासून सांगतात की शेवटच्या बिंदूवरून पुन्हा पहिल्या बिंदूवर ये. फेरी जुळली तर काम बरोबर, नाही तर परत फिर.

रोव्हरला अशी समोरासमोर नजर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. भारतीय सर्वेक्षण विभागाने ठिकठिकाणी कायमची केंद्रं उभारली आहेत, त्यांची जागा अचूक ठाऊक असते. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांत त्या क्षणी किती चूक आहे हे ही केंद्रं काढतात आणि ती दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यातून रोव्हरपर्यंत पोचते. पडद्यावर ‘फिक्स’ आलं की बिंदू घ्यायचा. ‘फ्लोट’ असेल तर थांबायचं. आमराईत, नारळीच्या बागेत, उंच इमारतीच्या कुशीत फिक्स लवकर येत नाही, कारण आकाश झाकलेलं असतं किंवा संकेत भिंतीवर आपटून वळसा घालून येतो. सह्याद्रीच्या खोऱ्यात मोबाइलच लागत नसेल तर दुरुस्ती येणार कशी? तिथे अनुभवी माणूस दोन उघड्या जागी रोव्हरने बिंदू घेतो आणि तिथून टोटल स्टेशनने झाडीत शिरतो. संयम नसलेला माणूस फ्लोटवरच बिंदू घेतो, आणि नकाशा दिसायला अगदी तसाच सुबक निघतो.

रोव्हरने मोजणीचा वेळ वाचवला हे निर्विवाद. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. आता क प्रतीवर, म्हणजे अर्जदाराला मिळणाऱ्या मोजणी नकाशावर, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश येऊ लागले आहेत. दगड उखडला गेला तरी पुढच्या वेळी त्याची जागा आकड्यांवरून सापडेल. त्यासाठी ओढ्यापर्यंत फिरावं लागणार नाही. मात्र आज जुना अभिलेख जमिनीवर बसवताना कुणी हयगय केली असेल, तर ती चूकही यापुढे सेंटीमीटरपर्यंत नेमकी सापडत राहील.

ड्रोनची गोष्ट गावठाणापुरती. शेतांची टिपणं होती, पण गावठाणातल्या घरांचे बहुतेक ठिकाणी नकाशेच नव्हते. सारा नव्हता म्हणून मोजणीही नव्हती. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत महाराष्ट्राने ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं, आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गंमत अशी की या आकाशातल्या मोजणीलाही आधी जमिनीवर चुना लागतो. घराघराच्या हद्दी चुन्याने आखून ठेवल्या तरच वरून काढलेल्या चित्रात त्या दिसतात. शिवाय ड्रोनला दिसतं ते छप्पर. कोकणातल्या घराची वळचण भिंतीच्या दोन-तीन हात पुढे आलेली असते. वळचणीलाच भिंत समजलं तर शेजाऱ्याची पाणंद घरात येते. म्हणून उडाण झाल्यावर माणसाला घरोघर फिरून चित्र तपासावंच लागतं. त्यानंतर मिळकत पत्रिका तयार होते.

या कामात शिरायचं कसं? दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका. सरकारी भरतीतल्या पदाचं पूर्ण नाव ‘भूकरमापक तथा लिपिक’ असं आहे, आणि त्यासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द वेगाच्या टंकलेखनाचं प्रमाणपत्रही लागतं. कारण शेतातला एक दिवस कार्यालयातल्या अनेक दिवसांचं काम घेऊन येतो: पंचनामा, जबाब, नकाशा, क्षेत्राचे हिशेब, छाननीतले शेरे, प्रती. खासगीत पैसा रस्ते, धरणं, लेआउट, सौरऊर्जा प्रकल्प यांच्या कामात आहे. तिथे भांडण कमी, फिरणं जास्त. अपवाद भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीचा. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या कामात जमिनीसोबत प्रत्येक विहीर, पाइपलाइन आणि फळझाड नोंदवावं लागतं, कारण मोबदला त्यावर ठरतो. नोंदीतून सुटलेल्या एका झाडासाठी शेतकरी वर्षभर कचेरीचे खेटे घालतो. यंत्र चालवणं सहा महिन्यांत येतं. मोडीचा गंध असणं, जुनं टिपण वाचता येणं, आणि दोन्ही बाजूंचे लोक अंगावर आले असताना आवाज न चढवता काम संपवणं, याला वर्षं लागतात. ते अभ्यासक्रमात नाही, आणि असायला हवं.

मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. पण तिथपर्यंत जाण्याची वेळ बरेचदा अर्जदाराच्या अनास्थेने येते. तेव्हा ज्यांच्या शेताची मोजणी होणार आहे त्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. आपल्या आणि लगतच्या गटांच्या टिपणाच्या किंवा गट बुकाच्या नकला कार्यालयातून काढून ठेवाव्यात. बांधावरची झुडपं तोडून कोपरे मोकळे करावेत. जुना दगड कुठे आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तो उकरून दाखवावा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावं, जबाब वाचून मगच सही करावी, हरकत असेल तर ती तिथेच लिहून द्यावी. आणि खुणा ठरल्या की दगड त्याच दिवशी पुरून घ्यावेत. चुना पहिल्या पावसात जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी खातेदाराची आहे, आणि सरकारी मोजणीत बसवलेली खूण हलवणं किंवा मोडणं हा गुन्हा आहे.